आजोबांची छायाचित्रे, नातवाची चौकट
दुसऱ्या कलावंताच्या कृतीपासून प्रेरणा घेणे आणि तिची नक्कल करणे यांतील अंतर दिल्लीचे कलावंत विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांच्या ‘री-टेक ऑफ अमृता’ या छायाचित्रमालेत जितके स्वच्छ दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसते. जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जिची चित्रे आज पाहता येतात ती अमृता शेरगिल त्यांची मावशी; आणि तिचे वडील उमरावसिंग हे संस्कृतचे व्यासंगी, पण कुटुंबाला आणि त्याहून अधिक स्वतःला वर्षानुवर्षे कॅमेऱ्यातून न्याहाळणारे हौशी छायाचित्रकार. २००१ च्या सुमारास सुंदरम यांनी आजोबांच्या या कृष्णधवल छायाचित्रांपासून संगणकावर जोडचित्रे, म्हणजे निरनिराळ्या छायाचित्रांचे अंश एकाच चौकटीत सांधून घडवलेली नवी दृश्ये, रचली. त्यांत तरुण अमृता आणि वेगळ्याच काळातले वडील एकाच खोलीत येतात, मध्येच तिचे एखादे रंगचित्रही डोकावते, आणि सांधा कुठे आहे हे चटकन उमगत नाही. येथे नातवाने नवे छायाचित्र टिपलेले नसले, तरी ही छायाचित्रणाचीच कृती मानावी लागते. कारण कोणाला कोणाच्या नजरेसमोर उभे करायचे, हा उमरावसिंगांनी घरातल्या घरात हाताळलेला प्रश्नच त्याने पुढे नेला आहे, आणि तोही आजोबांना न पुसता.