स्मरणाचा अधिकार : ग्लासगोच्या निमित्ताने

‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठी समीक्षेने ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ केला तेव्हा तिने, कदाचित नकळत, एक नैतिक निवाडाही देऊन टाकला. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मूळ संज्ञा घडवली ती एका व्याधीचे नाव म्हणून. घरी परतणे आणि वेदना ही तिची दोन ग्रीक अंगे. मराठीत वेदनेच्या जागी रंजन आले. त्यामुळे गतकालाची ओढ सांगणारे लेखन रंजनपर, म्हणून दुय्यम, असे म्हणून मोकळे होणे आपल्याला सोपे जाते. परंतु ज्या गतकालात रमण्याजोगे फारसे नव्हते त्याचे स्मरण कोणत्या कोटीत घालायचे? आणि ते करण्याचा अधिकार कोणाचा?

एडविन म्यूर हा कवी १९३४ मध्ये एका जुन्या मोटारीतून स्कॉटलंडभर फिरला; पुढच्या वर्षी त्याचे ‘स्कॉटिश जर्नी’ प्रसिद्ध झाले. त्यातील ग्लासगो त्याला परके नव्हते. १९०१ च्या सुमारास, चौदाव्या वर्षी, ऑर्कनी बेटांवरील शेती सोडून तो कुटुंबासह तेथे आला आणि काही वर्षांतच वडील, दोन भाऊ व आई यांचे मृत्यू त्याने पाहिले. दोन दिवसांच्या त्या प्रवासात आपण दीडशे वर्षे ओलांडली, अशी त्याची पुढे धारणा झाली. मंदीने थंडावलेल्या क्लाइडकाठी तो परतला तेव्हा आठवणीत जपावे असे शहर त्याच्यापाशी नव्हतेच. तरीही तो आठवतो, कारण न आठवणे म्हणजे त्या चार मृत्यूंना योगायोग ठरवणे होय.

आज मोटारीने ग्लासगो ओलांडणाऱ्याची अडचण वेगळी आहे. १९४५ मध्ये नगर-अभियंता रॉबर्ट ब्रूस याने मध्यवस्तीचा मोठा भाग पाडून नवी उभारणी करण्याचे सुचवले. योजना तशीच्या तशी अमलात आली नाही, पण वर्तुळमार्गाची कल्पना तगली. १९७० मध्ये किंग्स्टन पूल खुला झाला आणि एम-८ हा मार्ग अँडरस्टन, टाउनहेड या वस्त्या चिरत गेला. मिचेल ग्रंथालयासमोरच्या खोल चरातून आता वाहने धावतात. म्हणजे ‘येथे पूर्वी अँडरस्टन होते’ असे हळहळणारा ज्या रस्त्यावरून हळहळतो, तो रस्ताच त्या वस्तीच्या जागेवर आहे. पायी चालणारा चालण्यातून शहर लिहितो, पण त्याला स्वतःला ते वाचता येत नाही, असे मिशेल द सेर्तो सांगतो. मोटारीतल्याला ते फार तर चाळता येते, आणि ही गतीही पाडापाडीचीच देणगी. यावरून त्याची हळहळ खोटी ठरत नाही. ती निष्पाप नाही, इतकेच.

शिवाय पाडले गेले ते काय होते? गॉर्बल्समध्ये एका-दोन खोल्यांत कुटुंबे कोंबलेली असत आणि शौचकूप जिन्यावर, सामाईक. त्या जिन्यासाठी कोणी गहिवरला तर बाहेरच्याने नाक मुरडू नये, हे खरे. पण तो गहिवर बाहेरच्याने उसना घेणे त्याहून वाईट. (आपल्याकडील चाळीवरचे बरेचसे लेखन याच कसोटीवर पुन्हा वाचायला हवे.) त्याच गॉर्बल्समध्ये बॅझिल स्पेन्सने रचलेली क्वीन एलिझाबेथ स्क्वेअरची उंच घरे १९६५ मध्ये पुरी झाली आणि १९९३ मध्ये सुरुंगाने पाडली गेली. जुन्याचा घास घेणारे नवे तीस वर्षांत स्वतःच ‘पूर्वीचे’ झाले.

२०१४ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनात रेड रोड येथील उरलेल्या सहांपैकी पाच मनोरे स्फोटाने पाडून ते दृश्य प्रेक्षागारात थेट दाखवायचे ठरले होते. सहाव्यात आश्रयार्थी राहत असल्याने तो वगळला होता. लोकांच्या निषेधानंतर बेत मागे घेण्यात आला आणि मनोरे २०१५ मध्ये, समारंभाविना, पाडले गेले. रंजन हा शब्द नेमका कोठे लागू पडतो ते या प्रसंगात दिसते : तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्यांच्या स्मरणाला नव्हे, त्यांच्या घरांच्या कोसळण्याकडे उत्सव म्हणून पाहणाऱ्या नजरेला. निषेध करणाऱ्या सर्वांनाच ते मनोरे प्रिय होते असे मुळीच नाही; आपल्या वाईट घराचाही तमाशा होऊ नये, एवढे अनेकांना पुरेसे होते.

सहाव्या मनोऱ्यातील आश्रयार्थींचे काय, हा प्रश्न मात्र उरतो. त्यांच्यामागे आधीच एक गमावलेले शहर होते, आणि ज्या घराच्या खिडकीतून त्यांनी शेजारचे मनोरे पाहिले त्याच्याविषयी ते कधी लिहितील तर ते बहुधा इंग्रजीत नसेल. ग्लासगोच्या साहित्यात त्या लेखनाची नोंद कोणत्या नावाखाली करायची, हे तेथील समीक्षेला ठरवावे लागेल.