शेहेचाळिसाव्याची वाट

सकाळच्या चहाला आधण येईपर्यंत आपल्या अस्थिमज्जेत कोट्यवधी नव्या तांबड्या पेशी तयार झालेल्या असतात. सेकंदाला २० लाखांच्या वर, असा तो वेग. आईच्या पोटात एका पेशीपासून निघून आपण पुढे ३० लाख कोटींच्या आसपास पोचतो, तेही एकीच्या दोन, दोहोंच्या चार असं करतच. हे आकडे ऐकले की वाढ म्हणजे नुसती घाईगर्दी वाटते. पण एका पेशीचं दोन होणं जवळून पाहिलं, तर सगळ्यात लक्षात राहतो तो तिचा खोळंबा.

विभाजनाआधी पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची एकेक नक्कल करून घेते. मूळ आणि नक्कल एकमेकांना चिकटूनच राहतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक तंतू निघतात आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धरतात. वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञानं सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून ही सगळी हालचाल पाहिली आणि १८८२ साली ग्रंथात मांडली. तंतू गुणसूत्रांना चाचपडत शोधतात. कुणी लगेच सापडतं, कुणी कडेला राहतं. ४५ जोड्या नीट बांधल्या गेल्या आणि एकच एका बाजूनं मोकळी असली, तरी पेशी पुढे सरकत नाही.

थांबायचं, हे तिला कोण सांगतं? १९९५ मध्ये कॉनली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटोरू नावाच्या छोट्या ऑस्ट्रेलियन प्राण्याच्या पेशी चपट्या असतात, गुणसूत्रं मोजकी आणि मोठी, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सोयीच्या. शेवटचं एक गुणसूत्र एकाच बाजूनं जोडलेलं आणि पेशी खोळंबलेली, असा क्षण त्यांनी गाठला. मग त्या गुणसूत्राची मोकळी बाजू, जिथे तंतूची पकड बसायची ती जागा, लेझरनं नष्ट केली. थोड्याच वेळात पेशी पुढे निघाली. गुणसूत्र अजून अर्धवटच जोडलेलं होतं. फक्त त्याचा आवाज बंद झाला होता.

म्हणजे एसटीतल्या कंडक्टरसारखी डबल बेल इथे कुणीच देत नाही. ज्याला अजून जागा मिळालेली नाही तोच एकटा घंटी वाजवत राहतो, आणि ती थांबली की गाडी आपोआप सुटते. सगळे बसले का, हे कुणी मोजत नाही. मला यात विशेष वाटतं ते हे, की बोलायचा हक्क मागे राहिलेल्याला दिलेला आहे. बाकीच्या ४५ जणांना मत विचारलंच जात नाही. त्या एकाला वगळून पुढे गेलं, तर एका पेशीत एक गुणसूत्र जास्त आणि दुसरीत एक कमी होतं, आणि असा हिशेब बहुतेक वेळा पेशीला झेपत नाही. कर्करोगाच्या पेशींमध्ये तर तो बिघडलेला सर्रास दिसतो.

तरी त्या पेशीही ही घंटी पुरती विसरलेल्या नसतात, आणि एक औषध नेमकं यावरच चालतं. दारातल्या कुंडीत बारा महिने फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन मिळतं. १९६० च्या दशकापासून ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जातं. हे औषध तंतू तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रं मोकळी राहतात, घंटी वाजत राहते, आणि बऱ्याच पेशी ती थांबायची वाट बघता बघता मरतात. निरोगी पेशींनाही त्याची झळ बसते आणि मुलांचे केस जातात. शिवाय त्याच जातीच्या तंतूंवर आपल्या नसांचाही कारभार चालतो. म्हणून उपचार चालू असताना डॉक्टर मुलांना विचारत राहतात, बोटांना मुंग्या येतात का, शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावता येतात का.