दिलेल्या शब्दावर हक्क कुणाचा?

अमेरिकेतल्या विद्यापीठीय बास्केटबॉलमध्ये मैदानावरचा हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी चाहत्यांचा हंगाम सुरू होतो. दोन वर्षांच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात चमकलेला गार्ड, म्हणजे चेंडू हाताळत संघाचा डाव रचणारा खेळाडू, यापुढे आपण अमुक विद्यापीठाकडून खेळणार असे जाहीर करतो. (ही ज्युनिअर कॉलेजे म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, शालेय शिक्षण संपल्यावर आणि चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याआधी मुले तिथे शिकतात.) अशा घोषणेचा एक ठरलेला विधीही आहे. टेबलावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या असतात. कॅमेऱ्यासमोर तो मुलगा त्यातली एक उचलून डोक्यावर चढवतो आणि त्या क्षणापासून तो हजारो अनोळखी माणसांचा 'आपला' होतो. मग चर्चा झडतात: उंची पुरेल का, लांबून नेम किती लागतो, दडपणाखाली चेंडू हातातून जातो का, खेळायला वर्षे किती उरली आहेत. या हिशेबांच्या तळाशी मात्र एकच प्रश्न असतो. हा टिकेल का? आणि उद्या दुसऱ्या विद्यापीठाने जास्त देऊ केले म्हणून तो फिरला, तर त्याला गद्दार ठरवायला कुणी फार वेळ घेत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने दिलेल्या शब्दावर नेमका कुणाचा किती हक्क असतो, हा वरवर खेळाचा वाटणारा प्रश्न मुळात धर्माचा आहे. माझे म्हणणे असे की शब्द हा शब्द देणाऱ्याचा धर्म आहे आणि त्याने तो गांभीर्याने पाळावा. पण दुसऱ्याच्या शब्दाचे आपण धनको आहोत असे मानण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही.

आधी या व्यवहाराची वस्तुस्थिती पाहू. तोंडी दिलेल्या शब्दाला तिथे कायद्याने काहीच किंमत नाही. खेळाडू किंवा विद्यापीठ, कुणीही माघार घेऊ शकते. 1964 पासून खेळाडूकडून एका इरादापत्रावर सही घेतली जाई. ती पद्धत ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाली. 1973 पासून जवळजवळ चार दशके शिष्यवृत्ती एका वेळी एकाच वर्षाची दिली जात असे. दरवर्षी ती वाढवायची की नाही हे विद्यापीठाच्या हाती. प्रशिक्षक जास्त पगारावर दुसरीकडे जाऊ शकत होता आणि तसा जातही होता. खेळाडूने विद्यापीठ बदलले तर मात्र त्याला बहुधा एक हंगाम बाकावर बसून काढावा लागे. 2021 मध्ये त्याला एकदा बदलाची मोकळीक मिळाली, 2024 मध्ये अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्यांसाठी ती मर्यादाही गेली. जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले, आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ लागली. आज चाहते हळहळतात की निष्ठा संपली, सगळा बाजार झाला. पण बाजार आधीही होताच. फरक एवढाच की तेव्हा मोकळेपणा एका बाजूला होता आणि शब्द पाळण्याची सक्ती दुसऱ्या बाजूला. ज्या करारात एकाने बांधून घ्यायचे आणि दुसऱ्याने सुटे राहायचे, त्यातल्या बांधलेल्या माणसाच्या निष्ठेचे गोडवे गाणे सोपे असते.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. 1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी मुंबई इंडियन्सच्या कर्णधाराचे नाव उच्चारले गेले आणि त्याच्याच घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली. ती इतकी की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावे लागले. या प्रसंगाची पूर्वपीठिका तपासली तर गंमत नाही, खंत वाटते. 2022 च्या लिलावाआधी ज्या चार खेळाडूंना मुंबईने कायम ठेवले त्यांत हार्दिक नव्हता. संघाने त्याला सोडले होते. गुजरातकडून तो खेळला, पहिल्याच वर्षी विजेता कर्णधार ठरला, आणि 2023 च्या अखेरीस संघांच्या आपसांतल्या व्यवहाराने परत आला. रोहित शर्माचे कर्णधारपद काढून त्याला देण्याचा निर्णय जाहीर केला तो व्यवस्थापनाने. रोष मात्र मैदानात एकट्या उभ्या असलेल्या माणसाने झेलला. पुढे 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्याने टाकले, भारत जिंकला, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत त्याच्या निष्ठेत काही बदल झाला नव्हता. बदलले होते ते आपले लाभ-नुकसान. याउलट, रेल्वेत नोकरी मिळाली की महाराष्ट्राचा खेळाडू रेल्वेच्या संघात जातो आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रसंगी महाराष्ट्राविरुद्ध उभा राहतो. त्याला कुणी गद्दार म्हणत नाही, कारण पोटाचा प्रश्न आपल्याला कळतो. मग अमेरिकेतल्या गरीब घरच्या गार्डचा किंवा लिलावात बोली लागणाऱ्या कबड्डीपटूचा तोच प्रश्न आपल्याला का कळू नये?

शब्द पाळण्याच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद मात्र टाळून चालणार नाही, आणि तो पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात लिहिला गेला. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात अटक झाल्यावर गांधीजी येरवड्यात होते. त्या तुरुंगाला ते मंदिर म्हणत. दर मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ते साबरमतीच्या आश्रमवासीयांसाठी एकेका व्रतावर पत्र लिहीत. 'मंगलप्रभात' हे पुस्तक त्यातून झाले. ऑक्टोबरमधल्या एका पत्राचा विषय व्रत घेण्याची आवश्यकता हाच होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: 'जमेल तितके पाळीन' असे म्हणणारा आपला दुबळेपणा आधीच कबूल करतो. जे करायला हवे ते काहीही झाले तरी करणे, हेच व्रत. माणसे शब्द पाळतात म्हणूनच जगाचा व्यवहार चालतो. हे म्हणणे खेळालाही तंतोतंत लागू आहे. ज्या प्रशिक्षकाने एका गार्डच्या शब्दावर विसंबून त्या जागेसाठी दुसऱ्या मुलाला नकार कळवला, ज्या सोबत्यांनी त्याच्या भरवशावर डावपेच बसवले, त्यांचे नुकसान खरे असते. 'शब्दाला काय, तो फिरवता येतो' असे मानणारा समाज शेवटी वकिलांच्या कागदांवर जगतो, आणि तसे जगणे महागही असते व कोरडेही. पण त्याच पत्रात गांधीजी मर्यादाही घालतात. व्रत सर्वमान्य तत्त्वांचेच घ्यावे, आणि पुण्याचे समजून घेतलेली एखादी प्रतिज्ञा पापाची आहे असे पुढे कळले तर ती सोडलीच पाहिजे. सत्याचे व्रत आणि अमक्या संघाकडून तीन हंगाम खेळण्याचा बेत यांना त्यांनी एका तराजूत घातले नसते. पहिल्यात माणूस स्वतःला घडवतो, दुसऱ्यात तो एक करार करतो. करारही पाळायचाच असतो. पण त्याच्या अटींसह, त्याच्या मुदतीपुरता, आणि दोन्ही बाजूंनी.

यावर कुणी म्हणेल, आपली परंपरा अशा हिशेबांत पडत नाही. भीष्माने अटी पाहिल्या नाहीत, हरिश्चंद्राने मुदत विचारली नाही. परंपरेचे हे चित्र अपुरे आहे. कर्णपर्वात युधिष्ठिर संतापाने अर्जुनाला म्हणतो की तुझे गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचे मस्तक उडवीन ही अर्जुनाची जुनी प्रतिज्ञा. तो भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला अडवतो आणि सुनावतो की ही प्रतिज्ञा तू पूर्वी पोरबुद्धीने केली होतीस. शिवाय कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो: खरे बोलण्याच्या व्रतापायी त्याने पळून लपलेल्या माणसांची वाट लुटारूंना दाखवली आणि तो नरकात गेला. तरीही कृष्ण प्रतिज्ञा झटकून टाकायला सांगत नाही. थोरल्याला 'तू' म्हणून अपमानित करणे हा त्याचा वधच, तेवढे कर, असा मार्ग तो काढतो. शब्दाचा मान राहतो आणि माणूसही वाचतो. तारुण्यात घेतलेल्या शपथेकडे कसे पाहावे याचे याहून प्रगल्भ उदाहरण मला माहीत नाही. भीष्माबद्दल बोलायचे तर येरवड्याच्याच डेक्कन कॉलेजात 1939 पासून अध्यापन आणि संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांच्याकडे वळावे लागते. 'युगान्त'मध्ये त्यांनी या प्रतिज्ञेचा हिशेब निर्भयपणे मांडला. पित्याच्या सुखासाठी घेतलेली एक शपथ, आणि तिच्या पायी ज्यांची आयुष्ये फरपटली त्या अंबेसारख्या स्त्रिया. एवढ्या त्यागातून अखेर साधले काय, हा त्यांचा प्रश्न आजही बोचतो. प्रतिज्ञेचे मोल ती पाळण्यातल्या कष्टावरून ठरवायचे, की ती कशासाठी आणि कुणाच्या जिवावर पाळली यावरून? ज्याला शब्दाचा खरा आदर आहे त्याला हा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो.

आणखी एक कसोटी दडपणाची, आणि तिचा साक्षीदारही येरवड्याचा तोच तुरुंग आहे. ऑगस्ट 1932 च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरला येरवड्यात प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि 24 तारखेला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या, स्वतंत्र मतदारसंघ गेले. एका मरणासन्न माणसाचा जीव आणि स्वतःच्या समाजाच्या सुरक्षिततेची चिंता यांच्या मध्ये उभे राहून डॉ. आंबेडकरांना सही करावी लागली. करोडो माणसांच्या माणुसकीच्या हक्काचा हा प्रश्न होता. खेळाशी त्याची तुलना करण्याचा अविवेक कुणी करू नये, मीही करीत नाही. पण शब्दाच्या स्वरूपाविषयी तो जे शिकवतो ते कुठेही शिकण्यासारखे आहे. आंबेडकरांनी त्या कराराच्या चौकटीत 1937 च्या निवडणुका लढवल्या, आणि तो करार कोणत्या दडपणाखाली झाला हेही 1945 च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट शब्दांत मांडले. शब्द पाळणे आणि ज्या परिस्थितीत तो घेतला गेला तिला जाब विचारणे, या दोन्ही गोष्टी एकच माणूस प्रामाणिकपणे करू शकतो. म्हणूनच निष्ठेची मागणी करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे: हा शब्द देताना समोरच्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक कितपत होती?

शेवटचा आक्षेप चाहत्यांच्या बाजूचा आहे आणि तो मनापासूनचा आहे. आम्ही तिकिटे काढतो, उन्हात उभे राहतो, पराभवानंतर रात्रभर तळमळतो. आमच्या प्रेमाचा काहीच हक्क नाही का? आहे. चाहत्याला सत्याचा हक्क आहे. खेळाडूने मनात एक ठेवून तोंडाने दुसरे बोलू नये, सामना मुद्दाम सोडू नये, जोवर अंगावर जर्सी आहे तोवर अंग चोरू नये, आणि जायचे ठरले तर आधी सोबत्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावे. एवढे त्याच्याकडून मागणे रास्त आहे, आणि तेवढे न देणाऱ्याला दोष देणेही रास्त आहे. पण त्याने स्वतःचे शिक्षण, कुटुंबाचे भवितव्य आणि खेळायची मोजकी वर्षे आपल्या आनंदापायी बांधून ठेवावीत, हा हक्क प्रेमातून निर्माण होत नाही. वारकरी दर आषाढीला पंढरीला जातो तो गेल्या वर्षी विठ्ठलाने काय दिले याची वही उघडून नव्हे. निष्ठा त्याची स्वतःची असते, तिचे फळही त्याच्यापाशीच असते. संघावरचे प्रेम तसे असेल तर एका खेळाडूच्या जाण्याने ते खचणार नाही. आणि एका जाण्याने ते द्वेषात बदलत असेल, तर तो देवघेवीचा व्यवहार होता. मग बाजाराबद्दल तक्रार करण्याचा आपला अधिकार उरत नाही.

म्हणून खेळाडूला सांगावेसे वाटते: शब्द सावकाश दे, त्याची मुदत आणि अटी समजून दे, आणि दिल्यावर तेवढ्या मुदतीत जिवापाड पाळ. संघ चालवणाऱ्यांना सांगावेसे वाटते: जेवढी निष्ठा मागता तेवढ्याच काळासाठी तुम्हीही बांधून घ्या, दुखापत झालेल्या मुलाला वाऱ्यावर सोडून उरलेल्यांकडून निष्ठेची अपेक्षा करू नका. आणि चाहत्यांना, म्हणजे आपल्या सगळ्यांना, एवढेच: दुसऱ्याच्या तरुण मुलावर गद्दारीचा शिक्का मारण्याआधी त्याच्या जागी आपल्या घरातला मुलगा उभा करून पाहा. त्याला आपण जो सल्ला दिला असता, तोच त्या मुलाचा निर्णय असेल, तर त्याला शुभेच्छा देऊन निरोप द्यावा.