परत फिरता येईल असा निर्णय

भाची मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेली दहा-अकरा वर्षं ती नैराश्यावरची गोळी घेते आहे. आता ती सोडावी का, हा तिचा प्रश्न आहे. आत्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली फार्मासिस्ट, पौडला राहते. गोळी कमी करायची झाली तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बरोबर घेऊनच करायची, हे दोघींनी धरून चाललेलं आहे. प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे.

भाची: आत्या, मी बरी आहे म्हणून गोळी घेते, की गोळी घेते म्हणून बरी आहे?

आत्या: गोळी चालू आहे तोवर याचं उत्तर मिळायचं नाही. आणि बंद केल्यावर जे उत्तर मिळेल, तेही लगेच खरं मानायचं नाही.

भाची: ते का?

आत्या: मागे एका पावसाळ्यात दरड आली, रस्ता बंद झाला आणि तुझी स्ट्रिप संपली. आठवतंय?

भाची: विसरेन कशी? मी गोळ्या कोथरूडहून आणते. इथे घेतल्या तर गावभर होईल. तिसऱ्या दिवशी नजर वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. फळ्यावर लिहिताना भोवळ यायची. मग चिडचिड, उगाच रडू, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आई म्हणाली, "बघ, दुखणं उलटलं. गोळीशिवाय तुझं चालायचं नाही." मलाही ते पटलं.

आत्या: आणि गोळी परत सुरू केल्यावर?

भाची: दोन-तीन दिवसांत सगळं निवळलं.

आत्या: मग ते दुखणं उलटलेलं नव्हतं. नैराश्य बहुधा असं तीन दिवसांत येऊन तीन दिवसांत जात नाही, त्याला आठवडे, महिने लागतात. डोक्यातले झटके तर तुला मूळ आजारात कधी आलेच नव्हते. शरीराला ज्याची सवय झाली होती ते एकदम काढून घेतल्याचा तो त्रास. पण तुमच्या घरात तेव्हापासून तोच कायमचा पुरावा होऊन बसला.

भाची: रडू येणं, झोप उडणं हे तर आजारातही होतं. मग फरक करायचा कसा?

आत्या: त्रास कधी सुरू झाला, त्यात पूर्वी कधीच नव्हतं असं काही आहे का, आणि डोस परत दिल्यावर किती लवकर उतरला, या तीन खुणा. पण त्या नुसत्या खुणाच आहेत. काहींना गोळी सोडल्याचा त्रास महिनोनमहिने पुरतो. तेव्हा तो आणि आजार यांतली सीमा भल्याभल्या डॉक्टरांनाही सापडत नाही. सगळ्यांनाच इतकं होतं असंही नाही. २०२४ मध्ये पुष्कळ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला, त्यात खरोखर औषध सोडल्यामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला निघाला. तुला तो होतो, हे त्या पावसाळ्यात कळलं. एवढंच कळलं.

भाची: पण कुणीतरी पद्धतशीर पाहिलं असेलच ना, माझ्यासारख्यांचं पुढे काय होतं?

आत्या: पाहिलंय. २०२१ मध्ये इंग्लंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ४७८ माणसं, सगळी दीर्घकाळ गोळी घेणारी, सध्या बरी, सोडून बघायला तयार. निम्म्यांना तीच गोळी चालू ठेवली. उरलेल्यांची सुमारे दोन महिन्यांत कमी करत बंद केली आणि तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. कोण कुठल्या गटात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभरात गोळी सुटलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचं दुखणं उलटलं. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं.

भाची: म्हणजे आईचंच बरोबर.

आत्या: आईचंही बरोबर आणि तुझंही. गोळी सोडण्यात धोका आहे, तो या आकड्यांत स्वच्छ दिसतो. पण सोडलेल्यांतले ४४ टक्के वर्षभर ठीक होते, आणि गोळी घेत असूनही ३९ टक्के पडलेच. शिवाय दोन महिन्यांत एवढ्या जुन्या सवयीचं औषध काढणं घाईचं आहे, सोडण्याचाच त्रास काहींच्या बाबतीत आजार म्हणून मोजला गेला असेल, असा आक्षेपही आहे. तू त्या ४४ मधली की ५६ मधली, हे मात्र कुठलाच आकडा सांगणार नाही.

भाची: म्हणजे करून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि करून बघण्यातच धोका.

आत्या: हाच तुझा पेच आहे. म्हणून मला आधी विचारायचंय, सोडायचीच कशाला? रक्तदाबाची गोळी माणसं वर्षानुवर्षं घेतातच. लोक काय म्हणतील म्हणून सोडत असशील, तर ते कारण लोकांचं झालं. तुझं नव्हे.

भाची: बाबा गेले तेव्हा मला रडू आलं नाही, आत्या. दहाव्याला सगळ्या बायका रडत होत्या, तू तर किती रडलीस. मी पत्रावळी मोजत होते. मला दुःख झालं होतं, पण ते कुठेतरी काचेपलीकडे होतं. पुढे शाळेत एका मुलाने पहिल्यांदा सलग पान वाचून दाखवलं, तेव्हा आनंदही तसाच पलीकडे राहिला. मला वाटतं, गोळीने माझी तळाची बाजू झाकली, आणि वरचीही.

आत्या: दादाच्या दहाव्याला मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, पोर सुन्न झाली आहे. ते गोळीमुळे असेल. या गोळ्यांनी भावना बोथट होतात असं पुष्कळ जण सांगतात, ते मी काउंटरवर कितीदा ऐकलंय. पण बाप गेल्यावर गोळी न घेणारी माणसंही अशीच कोरडी होतात. इथेही दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

भाची: असतील. पण हे कारण माझं आहे. लोकांचं नाही.

आत्या: हो. आणि म्हणूनच ते डॉक्टरांपुढे असंच्या असं सांगायला हवं. "त्रास काय होतोय?" असं विचारलं की तू "काही नाही" म्हणून मोकळी होतेस. मग ते गोळी चालू ठेवतात, त्यात त्यांची चूक काय?

भाची: पण ठरवणार कोण? मी, डॉक्टर, की आई? आई म्हणते, "तुझे ते दिवस तुला आठवत नाहीत, मला आठवतात."

आत्या: ते खोटं नाही. तू आठ-आठ दिवस आंघोळ करत नव्हतीस, विहिरीच्या बाजूला गेलीस की ती मागे यायची. तिच्या भीतीत तुझ्याबद्दलची माहिती आहे. पुण्यात आईच्या आणि तुझ्या, अशा दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली. जगन्नाथ वाणी कॅलगरीत प्राध्यापक होते; पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने घर कसं पोळतं ते त्यांनी भोगलं आणि अशा कुटुंबांसाठी पुण्यात संस्था काढली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून झाला. दुसरीकडे भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये आपल्या आईच्या नावाने पुण्यातच बापू ट्रस्ट सुरू केला. आईचं मनोरुग्णालयातलं आयुष्य त्यांनी पाहिलं होतं. ज्याचं दुखणं त्याचा शब्द पहिला, हा त्यांचा आग्रह. एकाने नातेवाइकाच्या जागेवरून पाहिलं, दुसरीने ज्याला दाखल केलं जातं त्याच्या जागेवरून.

भाची: आणि कायदा?

आत्या: २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुझ्या बाजूने बराच पुढे गेला आहे. त्याच्या मसुद्यासाठी पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधल्या मंडळींनी काम केलं होतं. उपचार समजून घेऊन संमती द्यायची, हा तुझा हक्क. पुढे कधी निर्णय घेता येईनासा झाला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आज लिहून ठेवता येतं. तेव्हा तुझ्या वतीने कोण बोलेल, त्याचं नावही तूच आज देऊ शकतेस.

भाची: म्हणजे आजची मी उद्याच्या मला बांधून ठेवायचं? उद्या आजारी पडलेली मी म्हणेन, मला गोळी नको, मला सोडा. खरी मी कोणती?

आत्या: दोघीही तूच. पण आजची तू दोघींचा विचार करू शकतेस. आजारातली तू फक्त त्या रात्रीपुरता करशील. म्हणून ठरवायची जबाबदारी आजच्या तुझ्यावर, आणि त्यात तिच्यासाठी जागा ठेवायचीही.

भाची: समज, ठरवलं. मग कसं?

आत्या: आधी हे सगळं कुणाला लागू नाही ते ऐक. लिथियम घेणाऱ्याने ते एकदम थांबवलं तर उन्माद झपाट्याने उलटू शकतो. झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. स्किझोफ्रेनियाच्या औषधांचं तर शास्त्रच दोन दिशांना बोलतं. नेदरलँड्समध्ये पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुणांचा सात वर्षं मागोवा घेतला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सुरुवातीला ज्यांचा डोस कमी करून पाहिला, त्यांच्यातले ४० टक्के पूर्ण सावरलेले होते. चालू ठेवलेल्यांतले १८ टक्के. पण २०२३ मध्ये इंग्लंडची २५३ जणांची चाचणी आली. दोन वर्षांनी डोस कमी केलेल्यांचं रोजचं जगणं काही सुधारलेलं नव्हतं, आणि दुखणं उलटण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. तुझ्या गोळीचा हिशेब शेजारच्याच्या गोळीला लावायचा नाही.

भाची: माझी एसिटालोप्राम, २० मिलिग्रॅम. मला वाटलं होतं, २० ची १०, १० ची ५, मग बंद.

आत्या: पुष्कळ जण असंच करतात आणि काही शेवटच्या पायरीवर कोसळतात. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी याचं कारण मांडलं. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराचा डॉक्टर, आणि स्वतःची गोळी सोडताना पोळलेला. तुझ्या औषधाचं भावंड सिटालोप्राम, त्याचे आकडे बघ. २० मिलिग्रॅमला मेंदूतले सेरोटोनिन परत ओढून घेणारे सुमारे ८० टक्के वाहक अडवलेले असतात. ९ मिलिग्रॅमवर आलीस तरी ७० टक्के. साडेतीनच्या आसपास ५०. आणि २० टक्क्यांवर यायला एका मिलिग्रॅमच्याही खाली जावं लागतं. एसिटालोप्रामचे आकडे वेगळे, पण वळण तेच. पौडहून कोकणाकडे निघालीस की मुळशीच्या जलाशयाच्या कडेने कितीतरी वेळ जातेस आणि उंची फारशी उतरत नाही. खरा उतार शेवटी, घाटात. तिथे आपण गिअर बदलतो की नाही?

भाची: पण ५ च्या खालची गोळी तर सहसा मिळत नाही.

आत्या: नाही. म्हणून लोक स्टीलच्या ताटलीत गोळी ठेवून ब्लेडने चार भाग करतात. पहिले दोन बरे पडतात, तिसरा वाकडा जातो, चौथ्याचा चुरा होऊन बोटाला चिकटतो. मग एक दिवस जास्त, एक दिवस कमी. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्यांच्या नावापुढे सीआर, एसआर असं काही असतं. त्या तर कापायच्याच नाहीत. एक दिवसाआड घ्यायचं म्हटलंस तर रक्तातली पातळी खालीवर होत राहते. नेदरलँड्समध्ये क्रमाने कमी होत जाणाऱ्या डोसच्या तयार पट्ट्या मिळतात. काही औषधं पातळ रूपात येतात, ती मोजून घेता येतात. आपल्याकडे ही वाट डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून काढावी लागते. वेळही महिन्यांत मोजायचा, प्रसंगी वर्षांत.

भाची: आणि सुरुवात कधी?

आत्या: पावसाळ्यात नक्की नाही. ताम्हिणीच्या पावसात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, लाइट जाते, दरड आली की रस्ता बंद, फोन लागेल याची खात्री नाही. दिवाळीनंतर कर. ऊन असतं, रस्ता चालू असतो, आणि कमी करायला सहा-सात महिने कोरडे मिळतात. जूनपर्यंत जिथवर आली असशील तिथे थांब. पावसाळा तसाच काढ.

भाची: म्हणजे मध्येच थांबलं तरी चालतं?

आत्या: मला इतका वेळ हेच सांगायचंय. तू "सोडू की नको" असं विचारतेस, म्हणून ते एवढं मोठं होतं. आईलाही ते तसंच ऐकू येतं आणि ती हादरते. प्रत्येक पायरीवर फक्त एवढंच विचारायचं, अजून थोडी कमी, आहे तिथेच, की मागची पायरी? ज्या निर्णयातून परत फिरता येतं, तो अपुऱ्या माहितीवरही घेता येतो. ज्यातून परत फिरता येत नाही, तो घ्यायला तेवढी खात्री लागते, आणि ती इथे कुणाकडेच नाही. तुझ्याकडे नाही, आईकडे नाही, डॉक्टरांकडेही नाही.

भाची: आणि शेवटी चार मिलिग्रॅमवर अडकले तर?

आत्या: तर चार मिलिग्रॅम ही तुझी मात्रा. वीस घेऊन काचेपलीकडे राहण्यापेक्षा चार घेऊन रडता येत असेल, तर तुला हवं होतं ते मिळालंच. आणि वीसच लागली, तर निदान ती का लागते हे ठाऊक असताना घेशील.

भाची: मग माझा पहिला प्रश्न तसाच राहतो. हे बरेपण माझं की गोळीचं?

आत्या: ते तूच सांग.

भाची: कदाचित कधीच कळणार नाही. पण ते टिकवण्याचं काम मात्र माझं आहे. गोळी घेतली तरी माझं, सोडली तरी माझं. आता हे एकटीने करायचं नाही. झोप, भूक, शाळेत जावंसं वाटणं या तीन गोष्टी मी रोज वहीत टिपेन, आणि ती वही आई कधीही उघडू शकेल. "थांब" म्हणायचा हक्क तिला देईन. तिने तो वापरला तर डॉक्टरांना भेटेपर्यंत डोस पुढे कमी करायचा नाही, एवढी अट. जीव द्यावासा वाटला तर वहीची वाट बघायची नाही. त्याच घडीला आईला उठवायचं आणि १४४१६ वर टेलिमानस हेल्पलाइनला फोन लावायचा. दिवाळीनंतर डॉक्टरांकडे जाईन तेव्हा गोळी कधी बंद होईल, हे शेवटी विचारेन. आधी विचारेन, कोणत्या लक्षणावर मागच्या पायरीला यायचं, आणि त्या दिवशी तुम्ही कुठे भेटाल.