आजचे चिंतन : मागून येणाऱ्यांसाठी



माऊलींनो, कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. गोवा-बेळगावकडच्या मंडळींना ते घरचेच. 1948 च्या एप्रिलात नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडं आडवी टाकली होती. राणे वाट मोकळी करणाऱ्या तुकडीचे अधिकारी. मांडीला जखम झाली तरी मागे फिरले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत, दोरीने चालकाला थांब-चल सांगत पुढे गेले. परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला स्वतः हयात होते. पुढे 1968 ला मेजर म्हणून निवृत्ती, बायको-मुलांचा संसार, 1994 ला पुण्यात निधन.

आता बघा, काढून टाकलेला सुरुंग कुणाला दिसतो का? मागून सुखरूप गेला, त्याला रस्ता साधाच वाटणार! घरातल्या कर्त्या माणसाचंही तसंच. कर्ज फिटलं, मुलीचं लग्न झालं, आपल्याला वाटतं सगळं आपोआप झालं. सद्गुरू तरी वेगळं काय करतात? नामाची वाट आधी स्वतः चालून मोकळी करतात.

आपल्यात फौजी घरं पुष्कळ. पेन्शनीतले आजोबा पहाटे चारला उठतात, अंथरुणाची घडी काटेकोर घालतात, नि घरचे म्हणतात, फार कडक बाई! (असतातही, खोटं कशाला बोला.) लढाईचं विचारलं तर गप्प. उद्या फोटोला हार घालून चार शब्द बोलण्यापेक्षा आज आरतीनंतर त्यांच्यापाशी बसा, मोबाईल बाजूला ठेवून. विचारा, "आजोबा, तुमची पहिली पोस्टिंग कुठं होती?" उत्तराला वेळ लागला तर घाई करू नका.