चिखलाची मोजणी

सावकाश बसा. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या. आज मन गाळावर ठेवायचं आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास नावाचं गाव आहे. एस्क, माइट आणि अर्ट या तीन नद्या तिथं एकत्र येऊन आयरिश समुद्राला मिळतात. ओहोटी लागली की राखाडी चिखल उघडा पडतो आणि कडेनं खाऱ्या गवताचं खाजण दिसतं. उत्तरेला काही किलोमीटरवर सेलाफिल्डचा अणुप्रकल्प. तिथून नळानं समुद्रात सोडलेल्या पाण्यातलं सिझियम, प्लुटोनियम, अमेरिशियम बारीक कणांना चिकटलं आणि भरतीनं ते या खाडीत आणून टाकलं.

मनातल्या मनात खाजणात एक नळी रोवा. हळूच वर काढा, आतली कांडी मोडू देऊ नका. तिच्या बोटभर जाडीच्या चकत्या करा. वरची चकती अलीकडची, खालची जुनी. एकेक वाळवा, कुटा, चाळा, डबीत भरून झाकण हवाबंद करा. आता महिनाभर हात लावायचा नाही. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू आत कोंडून त्याचं प्रमाण स्थिरावलं, की मगच रेडियमचा हिशेब लागतो. या थांबण्यात थोडं रेंगाळा. इथं काहीच न करणं हेही मोजणीचंच काम आहे.

मग डबी शिशाच्या जाड भिंतींआड, द्रव नायट्रोजननं गार ठेवलेल्या जर्मेनियमच्या स्फटिकाजवळ ठेवा. एखादा अणू कधी ढळेल, सांगता येत नाही. ढळला की गॅमा किरण निघतो आणि पडद्यावर एक ठिपका वाढतो. १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी पोटॅशियम-४०, ६६२ पाशी सिझियम-१३७. शंभर नोंदी झाल्या तर आकड्यात दहा टक्के अनिश्चितता. ती एक टक्क्यावर आणायची तर दहा हजार नोंदी हव्यात. म्हणून यंत्र रात्रभर चालू राहतं.

तळच्या चकत्यांपासून सुरुवात करा. तिथं पोटॅशियम आहे, युरेनियम आणि थोरियमची घराणी आहेत. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाहूनही किंचित जास्त. वर सरका. सिझियम उगवतं, वाढतं, आणि एका थरात फुगतं: १९७० च्या दशकाचा मध्य, विसर्ग सर्वाधिक होता तो काळ. त्यावर पुन्हा उतार. (उघड्या चिखलात किडे बिळं करून थर कालवतात, तिथं इतकं नीटस चित्र मिळत नाही.)

‘निसर्गातही किरणोत्सर्ग असतोच की,’ हे वाक्य आता मनात येऊ द्या. ते खरं आहे. आपल्या शरीरातल्या पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला काही हजार अणू ढळत असतात. तरी मला हे वाक्य अपुरं वाटतं. पोटॅशियम कुणी सोडलं नव्हतं. सिझियमच्या त्या फुगवट्यामागे परवाना होता, त्यावर कुणाची तरी सही होती. यंत्राला हा फरक कळत नाही. तो ध्यानात ठेवणं आपल्याकडे येतं.

पुन्हा त्या फुगलेल्या थराकडे या. सिझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं. त्या काळी बसलेल्यापैकी जेमतेम एक तृतीयांश उरलंय. शेजारचं अमेरिशियम-२४१ मात्र वाढतंय, कारण सोबत आलेलं प्लुटोनियम-२४१ ढळून तेच तयार होतं. नळातून नवं काही आलं नाही तरी काही दशकं ते वाढतच राहील.