गुण

नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला कडू लावणारी आपण माणसे. तेव्हा दिवाळीत थोडे कडू वाचायला वाचकांची हरकत नसावी.

श्रावणात आमच्या परसात भुईआवळी उगवते. वीतभर रोप, पानांखाली बारीक फळांची रांग. कोणाला कावीळ झाली की आई ते मुळासकट उपटून, वाटून, अनशापोटी ताकातून देई. पैसा घेत नसे. "घेतला तर गुण जाईल," म्हणे. आणि गुण येईच! डोळ्यांचा पिवळेपणा निवळला की माणूस नारळ घेऊन दारात हजर.

मी शाळामास्तर. पेपर तपासल्यावाचून कोणाला अर्धा गुण देत नाही. पण या रोपट्याला आम्ही परीक्षेशिवायच पैकीच्या पैकी देत आलो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, हे मला फार उशिरा कळले. मग नारळ कोणाचा? शिवाय जो बरा होत नाही, तो नारळ घेऊन येत नाही. आमच्या आळीतल्या एका कासाराच्या पित्तनलिकेत खडा अडकला होता. महिनाभर तो ताकच पीत राहिला. मग इस्पितळात नेला, पण वाचला नाही. त्याच्या बायकोने आईला कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते. आम्ही गुण दिले ते आईच्या मायेला, आणि मांडले झाडाच्या नावावर.

१९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बी अंगात मुरलेल्या माणसांवर भुईआवळी तपासली. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली त्या विषाणूची खूण गेली. नुसते औषधासारखे दिसणारे काही घेतलेल्या २३ पैकी एकाचीच. मी हरखून आईला सांगितले. पुढे इतर ठिकाणच्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही, हेही सांगितले. तिने वेगळेच विचारले, "त्या तेवीस दुखणाइतांना फसवलं म्हणायचं का रे?"

प्रश्न खोटा नव्हता. अशा चाचणीत आधी सारे सांगून संमती घ्यायची असते, असे मी म्हणालो. पुढचे मात्र जिभेवर येऊन राहिले: आपण कासाराला काय सांगितले होते?

तिला ते ऐकू आले असावे. यंदा श्रावणात शेजारचा मुलगा पिवळे डोळे घेऊन आला. "आधी याला डॉक्टरकडे घेऊन जा, रक्त तपासून आण," ती मला म्हणाली, आणि परसात गेली. तिने रोप उपटले की नाही, ते मी पाहिले नाही.